इम्पॅक्ट फॅक्टर किती, हा प्रश्न कोणासाठी?

मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत काम करते, त्यामुळे प्रमोशनचे दिवस आले की "मॅडम, ह्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर किती?" हे सतत चालू असतं. म्हणजे त्या शोधपत्रिकेतल्या पेपरांचा दुसऱ्या पेपरांत सरासरी किती उल्लेख होतो, तो आकडा. गंमत म्हणजे एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) 2022 च्या नियमांत पेपरसाठी इंडेक्सिंग बघितलं होतं, म्हणजे जर्नल मेडलाइन, स्कोपस, डीओएजे वगैरे ठरलेल्या सूचींत आहे का ते. तरी विचारतात सगळे आकडाच.

आकडा निघतो कसा, तर समजा एका जर्नलने 2022 आणि 2023 मिळून 100 पेपर छापले आणि 2024 मध्ये त्यांना 80 सायटेशन्स (दुसऱ्या पेपरांत उल्लेख) मिळाली, की 2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर झाला 0.8. बस्स. त्यातही मोजायची ती वेब ऑफ सायन्स ह्या डेटाबेसमध्ये असलेल्या जर्नल्समधली, बाकी कुठे कोणी उल्लेख केला तर तो हिशोबात नाही. आणि हे युजीन गारफिल्ड ह्या अमेरिकन माणसाने आणलं ते त्याच्या सायटेशन इंडेक्समध्ये कुठली जर्नल्स घ्यायची ते ठरवायला, कोणाला प्रोफेसर करायचं ते ठरवायला नाही.

आता आपल्याकडच्या जर्नलचा वाचक कोण? बऱ्याचदा तालुक्यातला डॉक्टर. विंचूदंशावरचा पेपर वाचून त्याने पेशंटचा डोस बदलला तर त्याचं सायटेशन कुठून येणार, तो पेपर लिहीतच नाही.

सर्पगंधा ह्या औषधी वनस्पतीचं उदाहरण मला नेहमी आठवतं. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्येच 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये लिहिलं होतं की हे औषध वाढलेल्या बीपीवर आणि मानसिक आजारात चालतं. इथले डॉक्टर वापरतही होते, पण बाहेर फारसं कोणी लक्ष दिलं नाही. मग 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांचा पेपर 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला आणि जगभर सर्पगंधा सर्पगंधा झालं, 1957 मध्ये त्यांना लास्कर अवॉर्ड हा अमेरिकेतला मोठा वैद्यकीय पुरस्कार मिळाला. वकिलांचं काम मोठंच, त्यांनी रीतसर पेशंट तपासून मांडलं होतं. पण आजचा दोन वर्षांचा हिशोब लावला तर 1931 चा पेपर 1933 नंतर मोजायलाच नको, मग पुढची 16 वर्षं लोकांनी गोळ्या दिल्या त्याचं काय करायचं ते सांगा!

अर्थात सगळा दोष आकड्याचा नाही हां, आपली जर्नल्स कपाटात कुलूपबंद असायची हेही खरंय. केईएम आणि जीएस मेडिकल कॉलेजच्या स्टाफ सोसायटीचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' 1955 पासूनचं, पण ते नेटवर फुकट टाकल्यावर सायटेशन्स वाढली, त्यांच्याच लोकांनी मोजून छापलंय. म्हणजे पेपर तेच, फक्त सापडायला लागले.

2023 पासून ईएससीआयमधल्या (वेब ऑफ सायन्सच्याच नव्या-छोट्या जर्नल्सच्या सूचीतल्या) जर्नल्सनाही इम्पॅक्ट फॅक्टर मिळायला लागला, त्यामुळे बऱ्याच छोट्या जर्नल्सच्या कव्हरवर पहिल्यांदा आकडा आला, बरं झालं. पण मी विचारणाऱ्याला गूगल स्कॉलरवर नेते आणि त्या पेपरला कोणी सायट केलंय ती यादी उघडायला लावते. स्वतःचेच मित्र आहेत, का कुठली गाइडलाइन आहे, का दुसऱ्या राज्यातल्या पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) स्टडी? दहा मिनिटं लागतात.

आणि "इम्पॅक्ट फॅक्टर 7.2, तीन दिवसांत पेपर छापू" असे मेल येतात ते सरळ डिलीट करा. खरा आकडा तो काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या यादीत असतो, तिथे नाव नसेल तर तो 7.2 त्यांनी घरी बसून काढलाय.