पाहुण्याची सम आणि कंडक्टरचा ‘वन’

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मुळातच पाहुण्यांवर चालतो. मुंबईत राहणारे वादक हा गाभा, आणि फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सीझनांपुरती उरलेली फळी बाहेरून येते. तिच्यात कझाकस्तानचे वादक बरेच, कारण संगीत दिग्दर्शक मारात बिसेनगालिएव्ह तिकडचे. त्यावर दर मैफिलीचा पाहुणा कंडक्टर आणि पाहुणा सोलोइस्ट, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबत एकट्याने वाजवणारा कलाकार, वेगळा. २०२३ मध्ये खुद्द झुबिन मेहता या ऑर्केस्ट्रासमोर उभे राहिले. जाहिरातीत नाव आणि फोटो झळकतो तो कंडक्टर आणि सोलोइस्टचा, पण पाहुणा विमानात बसण्याआधीच बरंच काही ठरून जातं आणि बरंच काही बिघडूनही जातं.

घोडं बहुतेक वेळा पेंड खातं ते कागदांवर. तंतुवाद्यांची मांडणी १४-१२-१०-८-६ (पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बेस) अशी असेल, तर वादक ५०. दोघांत एक स्टँड, म्हणजे ७, ६, ५, ४ आणि ३ अशा २५ प्रती. प्रत्येक प्रतीवर बोइंग, म्हणजे गज कुठे वर आणि कुठे खाली, पेन्सिलीने उतरवलेलं लागतं. आधी कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख, त्यांचं ठरवतो, मग बाकीच्या विभागांचे प्रमुख त्याला धरून आपापलं. पाहुणा कंडक्टर स्वतःच्या खुणांचा संच आणणार असेल, तर तो महिनाभर आधी ऑर्केस्ट्राचे कागद सांभाळणाऱ्या ग्रंथपालाच्या हातात पडायला हवा. तालमीच्या सकाळी बॅगेतून निघालेला संच कुणाच्याच कामाचा नसतो. दुसरी मेख आवृत्तीची. बीथोव्हनचा स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र प्रत) कंडक्टरकडे बेरेनरायटर या प्रकाशकाचा आणि स्टँडवर पार्ट्स (एकेका वाद्याच्या प्रती) जुन्या ब्राइटकोफचे, असं झालं की तालमीच्या खुणेची अक्षरं जुळत नाहीत, आणि ‘अक्षर सी पासून’ म्हटल्यावर अर्धा ऑर्केस्ट्रा भलतीकडेच सुरू होतो. करारात तारखा आणि मानधनाच्या शेजारीच आवृत्तीचं नाव लिहून घ्यावं. भारतात कॉपीराइट संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे १९७५ साली वारलेल्या शोस्ताकोविचचे पार्ट्स अजूनही प्रकाशकाकडून भाड्यानेच येतात, आणि परत करताना सगळ्या खुणा खोडाव्या लागतात. म्हणून पेन्सिल मऊ, टू-बी. शाईने कुणी खूण केली तर ग्रंथपाल त्याला उभा जाळतो.

तालमी साधारण चार, प्रत्येकी अडीच ते तीन तासांच्या. सोलोइस्ट शेवटच्या दोनांतच येतो, त्यामुळे पहिल्या दोन तालमी कंडक्टरने सिम्फनीवर उधळल्या की कॉन्चेर्टोच्या, म्हणजे सोलोइस्ट आणि ऑर्केस्ट्राच्या रचनेच्या, वाट्याला ऐन वेळी धावपळ येते. मोठ्या वाद्यमेळाची रचना आधी आणि छोटी नंतर, हा क्रम पाळला तर ट्रॉम्बोनवाले वेळेत मोकळे होतात. बीथोव्हनच्या पाचवीत त्यांना पहिले तीन भाग कामच नाही, तेव्हा तालीम चौथ्या भागापासून सुरू करणारा कंडक्टर त्यांचा लाडका असतो. बाहेरचा डबल बेसवाला आपलं वाद्य विमानात घालत नाही, इथलं वापरतो. त्याच्यासाठी पहिल्या तालमीआधी तासभर वाद्य मोकळं ठेवावं, कारण तारांची उंची दुसऱ्याच्या हाताला लावलेली असते.

आता पाहुणा आपल्या संगीतातला असेल तर. झाकिर हुसेन यांचा ‘पेशकार’ हा तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीचा कॉन्चेर्टो २०१५ मध्ये याच ऑर्केस्ट्राने पहिल्यांदा सादर केला आणि २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यातही नेला. तिथे पाहुणा इतका मुरलेला होता की दोन्हीकडच्या भाषा त्यालाच येत होत्या. दर वेळी तसं नसतं.

रूपक घ्या. सात मात्रा, ३+२+२. ती ती ना, धी ना, धी ना. कंडक्टर पहिल्या मात्रेवर हात जोरात खाली आणतो आणि वादकाच्या कानाला तिथे वजन हवं असतं. पण रूपकाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, खालीची (बिनवजनाची). तिथे बायाँ, तबल्याचा डावा डग्गा, गप्प असतो. घुमारा येतो तो चौथ्या मात्रेवर, ‘धी’ला. डोळ्याला एक आणि कानाला चार दिसल्यावर तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात व्हायोला घसरतात आणि मागोमाग चेलो. यावर अरेंजरचा आवडता उपाय म्हणजे पहिल्या मात्रेवर डबल बेसचा दणका. गाडी रुळावर येते हे खरं, पण मग तो रूपक उरत नाही. त्यापेक्षा पार्टमध्ये रिकाम्या मापांच्या (बारच्या) वर ठेक्याचे बोल छापावेत आणि पहिल्या तालमीत दोन मिनिटं नुसता ठेका वाजवून वादकांना तोंडाने मोजायला लावावं. परदेशी वादक सुरुवातीला हसतात, पण पुन्हा चुकत नाहीत.

तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याचा, सापळा वेगळाच. सोळा मात्रांचा तीनताल चार-चारच्या चार मापांत बसतो. पाच मात्रांचा तुकडा आणि मधे एकेक मात्रेचा दम (विराम): ५+१+५+१+५, एकूण सतरा. समेपासून उचलली की सतरावी मात्रा पुढची सम. आता हेच मापांत पाहा. पहिला तुकडा पहिल्या मापाच्या पहिल्या ठोक्यावर सुरू होतो, दुसरा दुसऱ्या मापाच्या तिसऱ्यावर आणि तिसरा चौथ्या मापाच्या बरोबर पहिल्या ठोक्यावर. मोजणं सोडून ओळखीचा तुकडा ऐकत बसलेल्या ट्रम्पेटला तो पहिला ठोका समेसारखा वाटतो आणि तो एक माप आधी घुसतो. पार्टमध्ये तिन्ही तुकड्यांची सुरुवात बारीक अक्षरांत दाखवली की प्रश्न मिटतो. उपज, म्हणजे आयत्या वेळचं वादन, असलेल्या भागात मात्र मापं मोजण्यात अर्थ नाही. तिथे शेवटची तिहाई कुठली एवढंच ठरवायचं आणि ती सुरू झाली की कंडक्टरने डावा हात वर करायचा.

एक गोष्ट तबलावादकाला कुणीच सांगत नाही. बॅटन (कंडक्टरची काठी) खाली आल्याच्या क्षणी ऑर्केस्ट्राचा आवाज येत नाही, किंचित मागून येतो. शिवाय दहा मीटर मागच्या ब्रासचा आवाज पुढे पोचायला जवळजवळ ३० मिलिसेकंद घेतो. तबल्याची थाप मात्र तिथल्या तिथे. बॅटनवर थाप मारणारा म्हणूनच सतत पुढे पळतोय असं ऐकू येतं. त्याने हात पाहायचा तो लयीसाठी, आणि बसायचं ते पहिल्या चेलोच्या आवाजावर.

सुराचं आधीच लिहून कळवावं. ऑर्केस्ट्रा ज्याच्या सुराला लावतात तो ओबो ‘ए’ ४४० हर्ट्झचा देणार की ४४२? फरक जेमतेम आठ सेंटचा (अर्धस्वर शंभर सेंटचा), पण तबल्याच्या काठावरच्या, चाटेच्या ‘ना’ला तो लपत नाही. सप्टेंबरच्या दमट हवेतून एसीच्या कोरड्या हॉलमध्ये आलेली तबल्याची पुडी (वरचं कातडं) ताणते आणि सूर चढतो, वर दिव्यांची ऊब. एसी आणि दिवे सुरू करून दायाँ (उजवा तबला) तासभर आधी मंचावर ठेवावा, आणि रचना षड्ज बदलत असेल तर तितके दायाँ लावून, सुराची चिठ्ठी चिकटवून. संथ भागात हातोडीचा टक् शेवटच्या रांगेपर्यंत जातो. सतारीचा प्रश्न अवघड. बरेच सतारिये काळी एकला (सी-शार्पला) लावतात, आणि त्या सुराशी व्हायोलिनच्या मोकळ्या जी-डी-ए-ई तारांचं काडीचं जमत नाही. पांढरी दोन (डी) धरली तर तंतुवाद्यं खुलतात, पण सतारीला तारा बदलणं, तरफा (खालच्या गुंजणाऱ्या तारा) नव्याने लावणं, जवारी (घोडीचा घाट) पाहणं हे सगळं आलं. तालमीच्या दिवशी हे मागणं म्हणजे अडाणीपणा. दोन महिने आधी सांगावं.

बैठकीचा चौथरा दीड फुटाच्या आसपास, कंडक्टरच्या डावीकडे आणि किंचित तिरका, म्हणजे मान न वळवता नजरानजर होते. मायक्रोफोन वाद्याच्या जितका जवळ तितकं बरं, नाहीतर टिम्पनी त्यातूनच जास्त ऐकू येतात. मॉनिटर लागतोच, पण त्याचं तोंड व्हायोलिनकडे असता कामा नये.

एन्कोरचं, म्हणजे टाळ्यांनंतरच्या जादा तुकड्याचं, आदल्या दिवशी विचारून ठेवावं. सोलोइस्ट एकट्याने वाजवणार असेल तर ऑर्केस्ट्रा मंचावर बसूनच राहतो आणि त्याची मिनिटं वादकांच्या कामाच्या तासांत धरावी लागतात. मध्यंतर वीस मिनिटांचं असतं, त्यात चौथरा, केबल आणि मायक्रोफोन काढून चेलोंच्या खुर्च्या पुन्हा पुढे आणायच्या असतात, तेव्हा चार माणसं विंगेत उभीच ठेवावीत.