होडीत जिवंत आमिषाची टाकी बसवताना

मालवणहून गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला जाणाऱ्या आमच्या २४ फुटी फायबर होडीत जिवंत आमिषाची टाकी बसवायचे, हे पावसाळ्यात होडी वर ओढल्यावर ठरले. तांबोशी आणि हेकरू हे मासे बांगड्याच्या तुकड्यावरही लागतात. मोठी सुरमई मात्र पोहत्या बांगड्यावर जशी झेपावते तशी तुकड्यावर येत नाही. बादलीतले पाणी बदलत बांगडे जगवण्याचा खटाटोप फार काळ चालत नाही, कारण बांगडा सतत पोहूनच कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवतो आणि ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला जेमतेम ६ मिलिग्रॅम असतो.

टाकीसाठी पूर्वी खाद्यपदार्थ साठवलेले २०० लिटरचे निळे पिंप घेऊन ते निम्मे कापले. गोल टाकीचा आग्रह धरला, कारण चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात मासे नाक घासत अडकतात आणि खवले गेलेला बांगडा फार वेळ टिकत नाही. भरलेल्या टाकीचे वजन १०० किलोंच्या वर जाते. म्हणून ती मागच्या फळीच्या पुढे, बरोबर मधोमध बसवली. ती काठोकाठ भरून झाकण लावणेच बरे, कारण अर्धवट भरलेले पाणी लाटेवर हिंदकळते आणि होडीही डोलवते.

पाण्याच्या रेषेखाली होडीला भोक पाडण्याची कल्पना आमच्या काकांना मुळीच पसंत नव्हती, आणि त्यांची भीती निराधार नव्हती. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाच्या, दांडी-गळाने कुपा (ट्यूना) पकडणाऱ्या होड्यांत आमिषाच्या कप्प्याच्या तळालाच भोके असतात आणि समुद्राचे पाणी तेथून आत येते, हे सांगितल्यावर ते जरा नरमले. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेले असते तिच्या आत प्लायवूड असते, त्यामुळे होल सॉने (गोल भोक कापणाऱ्या करवतीने) भोक पाडल्यावर उघड्या कडेला इपॉक्सीचे दोन हात दिले. एरवी पाणी मुरून प्लाय आतून कुजतो आणि ते बाहेरून कळतही नाही. त्या भोकात पितळी थ्रू-हल (पाणी आत घेणारी आरपार तोटी) मरीन सीलंटमध्ये बसवले, त्यावर लगेच पाणी बंद करता येणारा बॉल व्हॉल्व्ह आणि त्यानंतर पंप, तोही पाण्याच्या रेषेखाली. पंपापासून टाकीपर्यंतची नळी सतत चढती ठेवली, कारण मध्ये कमान आली की तेथे हवा अडकते आणि पंप नुसता गुरगुरत राहतो.

पंप तासाला ५०० गॅलनचा, म्हणजे कागदावर सुमारे १,९०० लिटरचा. चढ आणि वळणे धरून प्रत्यक्षात बरेच कमी मिळते, तरी तासाला टाकी कितीतरी वेळा बदलते. पाणी तळाशी, भिंतीला समांतर सोडले, जेणेकरून ते गोल फिरेल आणि मासे त्या प्रवाहाला तोंड करून पोहतील. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत दुर्लक्षित भाग निचऱ्याचा असतो. पंप पाणी ढकलून आत आणतो, पण बाहेर ते केवळ स्वतःच्या वजनाने जाते; म्हणून आत पाऊण इंची नळी असताना बाहेरची दीड इंची ठेवली, म्हणजे चौपट जागा मिळाली, आणि खवल्यांनी तोंड बुजू नये म्हणून तिच्यावर मोठी जाळी लावली.

विजेचे काम सरळ होते: कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि वेगळा स्विच. दोरी ओढून सुरू होणारे आमचे इंजिन बॅटरी भरत नाही, आणि पंप तासाला सुमारे ३ अँपिअर-तास खातो. त्यामुळे पंपाची बॅटरी रोज घरी नेऊन चार्ज करावी लागते.

आता रंगीत पिसांच्या लहान गऱ्यांवर बांगडे पकडून, त्यांना हात न लावता गरी सरळ टाकीवरच झटकतो. दहा लिटरमागे एकाहून अधिक मध्यम बांगडा मी ठेवत नाही. पावसानंतर देवबागला कर्लीच्या मुखाशी गोडे, गढूळ पाणी बाहेर पसरलेले असते. ते आत येऊ नये म्हणून पंप थांबवून व्हॉल्व्ह बंद करतो, आणि निळे पाणी लागेपर्यंत बुडबुडे सोडणारा छोटा एअर पंप चालू ठेवतो.