बार्थोलिन सिस्टची शस्त्रक्रिया आणि कॅशलेसची मंजुरी : माझा अनुभव

योनिमुखाच्या डाव्या बाजूला आलेली माझी गाठ बार्थोलिन सिस्ट आहे, हे स्त्रीरोगतज्ज्ञांनी हाताने तपासूनच सांगितले. तेथे ओलावा ठेवणाऱ्या ग्रंथीची नलिका बुजली की स्राव आत साठून अशी गाठ तयार होते. ती लहान असेल आणि दुखत नसेल तर तिला हात लावण्याचीही गरज नसते. माझ्या गाठीत मात्र पू झाला होता आणि नुसती चीर देऊन निचरा केल्यावर ती पुन्हा भरली होती, म्हणून मार्सुपियलायझेशन करायचे ठरले. यात सिस्ट उघडून तिच्या कडा बाहेरच्या त्वचेला शिवतात, त्यामुळे स्रावाला वाट मिळते. वय चाळिशीपुढचे असल्याने कर्करोगाची शंका राहू नये म्हणून एक तुकडा बायोप्सीलाही पाठवायचा होता.

घोडे अडले ते कॅशलेसपाशी, म्हणजे विमा कंपनीने रुग्णालयाचे बिल परस्पर भरण्याच्या मंजुरीपाशी. अनेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये साध्या गाठी, सिस्ट आणि पॉलिप यांच्यासाठी २४ महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे तोवर त्यांच्या उपचाराचा खर्च विम्यातून मिळत नाही. माझी पॉलिसी त्याहून कितीतरी जुनी आणि अखंड चालू होती, तरीही गाठ केव्हापासून आहे याचे प्रमाणपत्र टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेने) मागितले. ते दिल्यावर जुना केसपेपर हवा झाला, आणि तोही दिल्यावर ही शस्त्रक्रिया डे-केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडता येणाऱ्या उपचारांत, बसते का, अशी शंका निघाली. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय व्हायला हवा. मी मात्र रात्रीपासून उपाशीपोटी बाकावर बसून होते. त्यात विमा विभागातील गृहस्थांनी भर दालनात, “मॅडम, गाठ नक्की कुठे आहे?” असे खड्या आवाजात विचारले. मी कागद मागून घेतला आणि उत्तर लिहून त्यांच्यापुढे सरकवले. आजही मला तेच योग्य वाटते.

अखेर डॉक्टरांनी पहिल्या तपासणीची तारीख, पुन्हा झालेला पू आणि त्याच दिवशी घरी सोडण्याचा बेत, एवढे एका पत्रात लिहून दिले आणि मंजुरी आली. शस्त्रक्रिया ठरल्याबरोबर हे पत्र आणि पॉलिसीच्या नूतनीकरणाचे सर्व कागद सोबत जोडून अर्ज आधीच पाठवावा. दाखल होण्याच्या सकाळपर्यंत थांबू नये.

शस्त्रक्रियेपेक्षा ती सकाळच मला जड गेली. नंतर काही दिवस कोमट पाण्यात बसून शेक घ्यावा लागला. त्याही आधीची एक गोष्ट सांगायची राहिली : अशी गाठ घरी दाबून फोडू नये आणि औषधांच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणू नये. या भागातील प्रत्येक गाठ बार्थोलिनचीच असते असेही नाही. त्वचेखालची साधी सिस्ट किंवा चरबीची गाठही असू शकते, आणि शंका असेल तेव्हा खात्री बायोप्सीनेच होते.

माझा अहवाल निर्दोष आला. त्याचे बिल डिस्चार्जनंतर हाती पडल्यामुळे परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला, तेव्हा मूळ पावती जपून ठेवावी.