दुधासारखं सीरम

रात्री दोनला लॅबमध्ये रक्ताचं सॅम्पल आलं. फॉर्मवर एवढंच: पोटदुखी, उलट्या, अमायलेज अर्जंट. अमायलेज म्हणजे स्वादुपिंडाचं एक एन्झाइम; स्वादुपिंडाला सूज आली की ते रक्तात वाढतं. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली आणि हात थबकला. एरवी सीरम, म्हणजे रक्तपेशी खाली बसल्यावर वर राहणारा द्रव, फिकट पिवळं, आरपार दिसणारं असतं. हे पांढरंफटक. मागे धरलेलं बोटसुद्धा दिसेना.

मशीनने अमायलेज दिलं ८८. आमच्याकडे १०० पर्यंत नॉर्मल धरतात.

"नॉर्मल ना? मग ॲसिडिटीच असणार. इंजेक्शन देऊन घरी सोडतो," फोनवर ड्यूटी डॉक्टर म्हणाले.

"सर, जरा थांबा. सीरम दुधासारखं आहे."

असा पांढरेपणा ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा. ते फार वाढलं की अमायलेजच्या तपासणीत लुडबुड करतं आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून सीरम सलाइनने पाचपट पातळ करून पुन्हा लावलं. उत्तराला पाचने गुणलं की ८८ च्या आसपास यायला हवं. आलं ४६०. दहापट पातळ केलं, ६१०! स्वादुपिंडाचं दुसरं एन्झाइम, लायपेज, तेही लावलं: वरची मर्यादा ६०, आलं १,२४०. ट्रायग्लिसराइड ३,८००. ते हजाराच्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज आणू शकतं. म्हणजे ज्या चरबीने दुखणं आणलं, तीच ते लपवत होती. पेशंट ॲडमिट झाला.

सकाळी त्याची बायको रिपोर्ट घेऊन खिडकीशी. "दादा, लायपेज वीसपट लिहिलंय. म्हणजे जिवावरचं आहे का हो?"

"ताई, तसं नसतं. दुखणं तसंच असेल आणि आकडा मर्यादेच्या तिप्पट असेल, तर निदानाला तेवढं पुरतं. त्यापुढे तिप्पट की वीसपट, यावरून आजार किती गंभीर ते कळत नाही. ते डॉक्टर पेशंटकडे बघून, बाकीच्या तपासण्या बघून ठरवतात."

चौथ्या दिवशी अमायलेज ९५ आलं. या वेळी सीरम बऱ्यापैकी स्वच्छ होतं, आकडा खरा होता. ताई खूश. पण अमायलेज तीन ते पाच दिवसांत उतरतंच. लायपेज आठवडा-दोन आठवडे रेंगाळतं. त्याचं अजून ५२० होतं. उतरलेला आकडा म्हणजे बरं झालेलं स्वादुपिंड नव्हे, हेही सांगावं लागलं.

"मग रोज रक्त कशाला काढता?" त्यांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. एकदा निदान झाल्यावर ही एन्झाइम्स रोज मोजून फारसं काही हाती लागत नाही. पण फॉर्मवर लिहून येतं, आम्ही लावतो.

"डॉक्टरांना विचारा," म्हणालो.