तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाचं अमेरिकन फुटबॉल का थांबवलं?

गणपतीच्या आरतीनंतर, कुणाच्या बारशाला, वाण्याच्या दुकानात, कुठेही भेटलात की तुम्ही हेच विचारता. "एवढा छान खेळायचा, मग मध्येच का काढलंत?" आजवर मी "अभ्यास" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं. खरं कारण माइक वेबस्टर.

आपल्या पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाचा सेंटर, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणारा; चार सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, जिंकलेला, कडाक्याच्या थंडीतही उघड्या दंडांनी खेळणारा. पिट्सबर्गमधल्यांना मी आणखी काय सांगू? माझा मुलगाही सेंटर होता, आणि वेबस्टरचा 52 नंबरच हवा म्हणून हटून बसला होता. मला त्याचं कौतुक वाटलं होतं. वेबस्टर 2002 मध्ये, अवघ्या पन्नाशीत गेला, त्याआधी कित्येक रात्री स्वतःच्या ट्रकमध्ये झोपला, हे मला माहीत होतं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. बेनेट ओमालूंना त्याच्या मेंदूत साचलेलं टाऊ प्रथिन सापडलं, म्हणजे डोक्याला वारंवार धडका बसून होणाऱ्या सीटीई या मेंदूच्या आजाराची खूण, तेही वाचलं होतं. आणि ते वाचून मी काय केलं, तर चांगल्यातलं हेल्मेट आणलं. हेल्मेट कवटी सांभाळतं, पण धडक बसली की आत मेंदू हलायचा तो हलतोच. मला हे कळत होतं. कळून घ्यायचं नव्हतं.

ऑक्टोबरमधला गुरुवार होता. सराव संपवून तो गाडीत बसला, पट्टा लावला. "आई, आज जेवायला काय?" म्हटलं, वरणभात. सिग्नलला परत, "आई, आज जेवायला काय?" मला वाटलं, चिडवतोय. पूल ओलांडल्यावर तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी गाडी कडेला घेतली. तो माझ्याकडे बघत होता, अगदी शांत, उत्तराची वाट बघत. गुडघ्यावरचं ओलं गवत नखाने काढत होता.

"कुठे लागलं का रे?"

"नाही गं. रोजच्यासारखंच."

डॉक्टर म्हणाले, कन्कशन आहे, म्हणजे मेंदूला हादरा बसलाय, काही आठवडे विश्रांती, मग हळूहळू खेळता येईल. ते धीर देत होते, पण माझ्या डोक्यात "रोजच्यासारखंच" बसलं होतं. सेंटरने चेंडू मागे दिला की पुढच्याच क्षणी समोरच्याशी धडक, प्रत्येक वेळी. वेबस्टर असा 17 हंगाम खेळला. 245 सामने, सराव वेगळाच. त्यातली कुठली धडक मोजायची?

सगळ्यांचं तसं होतं का, असं तुम्ही म्हणाल. नाही होत. सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं, त्यामुळे माझ्या मुलाचं काय झालं असतं हे कुणीच सांगू शकत नव्हतं. मी त्याला विचारलंही नाही. विचारलं असतं तर तो खेळतो म्हणाला असता. तो सोळा वर्षांचा होता. नवरा अजून म्हणतो, विचारायला हवं होतंस. काही दिवस मला ते पटतं. आणि रविवारी स्टीलर्सचा सामना लागला की मी आजही टीव्हीसमोर बसते. त्याचं काय उत्तर देऊ?

मुलगा आता चोवीस वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत मी त्याला 1997 मध्ये वेबस्टरला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांत, स्थान मिळालं तेव्हाचं त्याचं भाषण दाखवलं. बोलता बोलता धागा सुटतो, तो पुन्हा कुठूनतरी सुरू करतो, लोक टाळ्या वाजवतात. मुलाने ते शेवटपर्यंत पाहिलं. म्हणाला, "मग मला खेळायला पाठवायच्या आधी का नाही दाखवलंस?"

मी ते आधी पाहिलेलं होतं. अजून त्याला सांगितलेलं नाही.