उच्छ्वास क्र. ९ नकाशावर परत आला

मंडळी, पुण्यातल्या कात्रजच्या नळाच्या, म्हणजे जमिनीखालच्या पेशवेकालीन दगडी पाणीवाटेच्या, नकाशात उच्छ्वास क्र. ९ वर लाल फुली होती, ती आज सकाळी पुसली. (उच्छ्वास म्हणजे त्या नळावर मधे मधे बांधलेली विहिरीसारखी उभी तोंडं.) तीन आठवड्यांपूर्वी मीच ती मारली होती आणि मारताना जीव तुटला होता. कारण ९ गेला की कात्रजच्या नळाच्या आपल्या नकाशात ८ ते १० मध्ये सहाशे मीटरची पोकळी पडते, आणि एवढ्या पोकळीतून रेघ ओढायची म्हणजे नुसता अंदाज. आता रेघ पुन्हा जोडली गेली. जोडली कशी, ते सविस्तर लिहिते, कारण यात माझी एक मूलभूत चूक होती आणि तुमच्यापैकी जे नाना फडणवीसांच्या आंबेगावच्या नळावर काम करताहेत त्यांच्याकडूनही ती होऊ शकते.

मागची नोंद ज्यांनी वाचली त्यांना भानगड माहीत आहे. ८ एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ९ एका देवळाच्या मागच्या बोळात. (नेमक्या जागा इथे देत नाही. दोन्हीकडे झाकणं सैल आहेत आणि लहान मुलं खेळत असतात.) दोन्हींमधलं अंतर टेपने ३१० मीटर. दोन्ही घडीव दगडांचे, चुन्यातले. बाहेरून बघितलं तर सख्खी भावंडं. पण पातळी काढली तेव्हा ८ चा तळ ९ मधल्या नळाच्या तळापेक्षा ३२ सेंटीमीटर खाली निघाला. म्हणजे कात्रजहून निघालेलं पाणी ८ पासून ९ पर्यंत चढावर गेलं म्हणायचं! नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावापासून थेट शनिवारवाड्यापर्यंत निव्वळ उताराच्या जोरावर पाणी आणणाऱ्या माणसांनी असलं काही केलं असेल हे मला पटेना. म्हणून फुली.

आधी संशय मोजणीवर घेतला होता. मोबाईलचा जीपीएस आणि उपग्रहाच्या नकाशावरची उंची या कामाला निरुपयोगी आहेत, हे पुन्हा एकदा सांगते. त्यात काही मीटरची चूक सहज असते आणि आपल्याला सेंटीमीटर हवेत. आपल्या रविवारच्या फेरीला येणाऱ्या गवंडीकाकांनी सुचवलेला लेव्हल पाईपच शेवटी खरा. वीस मीटरची पारदर्शक नळी, त्यात पाणी, दोन टोकांना दोन माणसं. ३१० मीटरला सोळा टप्पे. पहिल्या वेळी जाताना आणि येताना मिळून ११ सेंटीमीटरचा फरक आला आणि मी रडकुंडीला आले. नळीत हवेचा बुडबुडा होता. काका म्हणाले, "ताई, पाणी उकळून गार करून भरा आणि त्यात चिमूटभर नीळ टाका." उकळलेल्या पाण्यातली हवा आधीच निघून गेलेली असते, आणि निळ्या पाण्यात बुडबुडा लगेच दिसतो. दुसऱ्या वेळी पहाटे साडेपाचला सुरुवात केली, नळीवर ऊन पडायच्या आत संपवलं. फरक २ सेंटीमीटर. सोळा टप्प्यांत दोन सेंटीमीटर! त्या दिवशी काकांना आणि मला दोघांनाही घरी जाववेना. बोळाच्या तोंडाशी उभं राहून आम्ही चहा घेतला आणि आकडे तीनदा वाचले.

पण मोजणी इतकी चोख म्हटल्यावर ३२ सेंटीमीटर खरेच ठरले. मग दुसरा संशय: ९ कात्रजच्या नळाचा नाहीच. पुण्यात पेशवाईत एकच नळ नव्हता. कात्रजचा, नाना फडणवीसांचा, रास्त्यांचा, चौधरींचा असे वेगवेगळे नळ शहरात येत होते, आणि जमिनीखाली दगडी बांधकाम दिसलं की ते कात्रजचंच असं मानायची घाई आपण सगळेच करतो. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामात जुना बोगदा लागला तेव्हा एका दिवसात किती तर्क झाले आठवा. मी तर ९ ला दुसऱ्या कुठल्या नळात बसवता येतं का हे बघण्यात आठ दिवस घालवले. कुठेच नीट बसेना.

तिढा सुटला तो गेल्या रविवारच्या फेरीत, आणि तोही चालताना नव्हे. काळा हौद, बदामी हौद करून आम्ही फडके हौद चौकाकडे निघालो होतो. चौदा जण होते. त्यातल्या एक आजी, शुक्रवार पेठेत वाढलेल्या, पाय दुखतात म्हणून कट्ट्यावर टेकल्या आणि मी पाणी घेऊन त्यांच्याजवळ बसले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं गेलं आणि घरच्या नळाचं पाणी बंद झालं. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. वाड्यातला बंद पडलेला हौद उपसून वापरायला काढला तो त्यांना लख्ख आठवतो. "हौदात माणूस उतरवला," त्या म्हणाल्या, "आणि पाणी यायचं तोंड होतं ना, त्याच्या खाली तो कमरेपर्यंत गाळात. आम्हाला वाटलं तळ लागला, पण तळ कुठला, तो गाळच."

तोंडाच्या खाली कमरेपर्यंत.

मी दर फेरीत लोकांना सांगते की उच्छ्वास फक्त हवा सोडायला नव्हते. त्यांचा तळ नळाच्या तळापेक्षा मुद्दाम खोल ठेवलेला असे. वाहत्या पाण्यातला गाळ त्या खड्ड्यात बसायचा आणि वरचं निवळलेलं पाणी पुढे सरकायचं. ठरावीक काळाने माणूस उतरवून गाळ काढायचा. हे सगळं मला पाठ आहे. आणि मी ८ मध्ये ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला, तो खड्ड्याच्या तळाला टेकला, आणि तोच आकडा मी नळाचा तळ म्हणून वहीत लिहिला! ९ कोरडा आहे, तिथे नळाचा उंबरा, म्हणजे त्याच्या तोंडाची खालची कड, डोळ्यांना दिसतो, म्हणून तिथे उंबरा मोजला. ८ मध्ये गढूळ पाणी आहे, उंबरा पाण्यात बुडालेला, म्हणून जे हाताला लागलं ते मोजलं. एका ठिकाणी उंबरा, दुसऱ्या ठिकाणी खड्डा. मग पाणी चढणारच.

आता ८ चा उंबरा मिळवायचा कसा? पाणी उपसायला सोसायटीची परवानगी नाही, आणि आत उतरायचा तर प्रश्नच नाही. (नवीन आलेल्यांसाठी पुन्हा लिहिते: कुठल्याही उच्छ्वासात कोणीही उतरायचं नाही. यांत आता सांडपाणी मुरतं, विषारी वायू साचतात, आणि जाताना वास येईलच असं नाही.) दोन दिवस विचार केला आणि मग लक्षात आलं की उंबऱ्याच्या मागे लागायचं कारणच नाही. ८ मध्ये नळाच्या कमानीचा माथा पाण्याच्या वर स्वच्छ दिसतो. ९ मध्येही दिसतो. माथ्याला माथा लावायचा.

काल तेच केलं. कॅमेरा दोरीला, शेजारी वजन लावलेली पोलादी टेप, आणि चित्रात कमानीचा माथा टेपच्या कोणत्या आकड्यासमोर येतो ते वाचायचं. आकडे देते, तपासून बघा. सगळं ८ च्या काठापासून खाली, सेंटीमीटरमध्ये. ८ मध्ये माथा २९१ वर. ९ चा काठ मुळात ८ च्या काठापेक्षा १४२ ने खाली, आणि ९ मध्ये काठापासून माथा १७२ वर, म्हणजे एकूण ३१४. फरक २३. ३१० मीटरमध्ये २३ सेंटीमीटरचा उतार! पाणी खाली जातंय. साधारण साडेतेराशे मीटरला एक मीटर एवढा हलका उतार, पण उतारच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी मोठ्याने ओरडले आणि वॉचमनमामा काठी घेऊन धावत आले.

जुन्या आकड्यांचाही उलगडा झाला. ९ मध्ये काठापासून उंबरा ३३८, म्हणजे नळाची आतली उंची १६६ सेंटीमीटर, साडेपाच फुटांच्या जवळ. माझी उंची पाच फूट दोन इंच. या नळातून मी मान न वाकवता चालले असते. ८ मध्येही नळ तेवढाच उंच धरला तर उंबरा ४५७ वर येतो आणि माझा ओळंबा टेकला होता ५१२ वर. म्हणजे उंबऱ्याखाली ५५ सेंटीमीटर, आणि तोही गाळाचा वरचा थर. खरा तळ त्याच्याही खाली. आजींचं कमरेइतकं माप इथे बसू शकतं. संध्याकाळी त्यांना फोन करून सांगितलं. त्यांना माझं गणित ऐकायचं नव्हतं, पण त्या माणसाला त्यांच्या आईने नंतर गूळ-पाणी कसं दिलं ते त्यांनी मला पंधरा मिनिटं सांगितलं, आणि ते मी वहीत उतरवून घेतलंय.

आता एक आक्षेप तुम्ही घ्यायच्या आधी मीच घेते. ८ मध्ये पाणी ३९८ वर आहे. उंबरा ४५७ वर असेल तर पाणी उंबऱ्याच्या वर ५९ सेंटीमीटर उभं आहे. नळ मोकळा असता तर ते ९ मध्ये वाहत गेलं असतं. ९ कोरडा ठणठणीत. म्हणजे मधल्या ३१० मीटरमध्ये नळ कुठेतरी बुजलाय. मधे तीन इमारती आहेत आणि त्यांतल्या एकीचा पाया नळाच्या रेघेवर येतो असं माझ्या नकाशावर दिसतंय. मामा सांगतात की २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं तेव्हा ८ मध्ये धबधब्यासारखं पडत होतं. तो गाळ त्या रात्रीचाही असू शकतो. पुराने बुजला की पायाने, हे लगेच ठरणार नाही, पण नळ पूर्ण बंद आहे की थोडा झिरपतो हे बघायला एक साधी गोष्ट करता येईल: पावसाळाभर ८ ची पातळी दर आठवड्याला लिहायची आणि ९ मध्ये ओल येते का बघायचं. थोडीशी जरी झिरप असेल तर ९ मध्ये जोराच्या पावसानंतर कळेल. मामा पातळी लिहायला तयार आहेत. त्यांना वही-पेन देऊन आले.

हत्यारांबद्दल थोडं. लेसरचं अंतरमापक पाण्यावर वापरू नका. किरण कधी पाण्याच्या पृष्ठावरून परत येतो, कधी आत शिरतो, आणि दर वेळी वेगळा आकडा दाखवतो. कोरड्या ९ मध्ये त्याने उत्तम काम केलं, ८ मध्ये माझे दोन रविवार खाल्ले. कापडी टेप वजनाने ताणली जाते, पोलादीच घ्या. दोर बोहरी आळीतून घेतला, नायलॉनचा, दर फुटावर रंगीत दोरा बांधून. अजून पीळ सुटलेला नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा दिवा समोरच्या भिंतीवर पडून चित्र पांढरं करतो. दिवा कॅमेऱ्याच्या हातभर खाली वेगळा लटकवा, दगडाच्या सांध्यांच्या सावल्या पडतात आणि कमानीची कड उठून दिसते. चुन्याचा सांधा अडीचशेहून अधिक वर्षांनंतर ८ मध्ये पाण्याच्या रेषेलगतसुद्धा शाबूत आहे. ते चित्र मी काल रात्री किती वेळा पाहिलं असेन.

पुढचा बेत असा होता की १० आणि ११ करून स्वारगेटकडे सरकायचं. तो बदलला. वही मागे उलटून बघितली तर ५, ६ आणि ७ या तिन्हींमध्येही पाणी होतं आणि तिन्हींमध्ये मी ओळंब्याचाच आकडा लिहिलाय. तिथे उतार बरोबर आला म्हणून कोणी शंका घेतली नाही, मीही नाही. पण तिन्ही ठिकाणी खड्डे सारख्याच खोलीचे आणि गाळ सारखाच साचलेला असेल तरच तो उतार खरा. तेव्हा आधी मागे जायचं, तिन्ही ठिकाणी माथ्याला माथा लावायचा, मगच पुढे.

हे लिहितानाच आणखी एक सुचलं. माथ्याचं गणित एका गृहीतावर उभं आहे: नळाची उंची दोन्हीकडे सारखीच. ती नसेल तर? ८ चा उंबरा बघता येत नसला तरी चाचपता येईल. लांब बांबूच्या टोकाला काटकोनात लोखंडी पट्टी ठोकायची. भिंतीला धरून बांबू सोडायचा, कमानीच्या खाली गेला की पट्टी तोंडात वळवायची आणि हलकेच टेकवायची. टेकली तो उंबरा. ४५७ च्या आसपास आली तर ९ वर कायमची शाई. फार वेगळी आली तर या नोंदीतलं निम्मं मला पुन्हा लिहावं लागेल, आणि मी लिहीन.

वीस फुटी बांबू गवंडीकाका देताहेत. पट्टी मी उद्या ठोकून घेते. रविवारी सकाळी सहाला ८ पाशी भेटू, फेरी त्यानंतर नेहमीच्या वेळी. काकांकडून बांबू आणायला कोणाच्या गाडीवर कॅरिअर असेल तर शनिवारपर्यंत मला कळवा.