बोअर मारणाऱ्याची नोंदणी कोण तपासतो?

उन्हाळा तोंडावर आला की मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये बोअरवेलचा विषय हमखास निघतो. महापालिकेची परवानगी, फुटाचा दर, पाणाड्याने दाखवलेली जागा यांवर तासभर खल होतो. पण बोअर मारणाऱ्याची नोंदणी झालेली आहे का, हे विचारणारा सभासद आमच्या मुलुंडच्या संस्थेत तरी मला भेटलेला नाही. माझ्या मते पहिला प्रश्न हाच असायला हवा.

कायद्याला हे सुचलेले नाही, असे नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 मध्ये रिगच्या, म्हणजे बोअर मारणाऱ्या गाडीच्या, मालक-चालकांच्या नोंदणीची तरतूद आहे. उघड्या बोअरमध्ये लहान मुले पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दिलेल्या निर्देशांतही खोदाई करणाऱ्या यंत्रणांची नोंदणी बंधनकारक आहे. शिवाय कामाच्या जागी मालकाचा व खोदणाऱ्याचा पत्ता असलेला फलक, भोवती कुंपण, केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपाभोवती, सिमेंटचा चौथरा आणि सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून काढणे, हेही त्यांत आहे.

मुंबईत वरचा भराव आणि मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. केसिंग पाइप त्या पक्क्या खडकात नीट बसवून कडेची फट सिमेंटने भरली नाही, तर शेजारच्या गटाराचे, मलवाहिनीचे पाणी पाइपाच्या बाहेरून झिरपत थेट बोअरमध्ये उतरते. गाडी निघून गेल्यावर हे काम जमिनीखाली झाकले जाते आणि कोणालाही तपासता येत नाही. म्हणूनच ते करणारा माणूस जाणकार आणि जबाबदार असणे आवश्यक आहे. कॅलिफोर्नियात विहीर खोदण्याच्या परवान्यासाठी चार वर्षांचा कुशल कामाचा अनुभव आणि परीक्षा लागते. आपल्याकडेही नोंदणीला कौशल्याच्या परीक्षेची जोड मिळावी, असे मला मनापासून वाटते.

तोवर संस्थांच्या हातात निविदा आहे. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, किती फुटांवर कोणता थर आणि पाणी लागले याची लेखी नोंद, केसिंगची खोली आणि सिमेंट भरताना कार्यकारिणीच्या सदस्याची हजेरी, या अटी तिच्यात घालाव्यात आणि त्या पूर्ण झाल्याखेरीज शेवटचा धनादेश देऊ नये.